पँटच्या मापाची स्कूटर

भिंगरीची स्कूटर मोडली ती बुधवारी संध्याकाळी, आणि मोडल्याची बातमी घरात आली ती दार आपटल्याच्या आवाजाने.

स्कूटर म्हणजे पेट्रोल पिणारी नव्हे. ही उभ्याने चालवायची, एका पायाने ढकलायची, मग सरळ रस्ता सोडून कठड्यावर चढवायची, हवेत उडवायची, आणि हवेतल्या हवेत पायाखालची फळी गर्रकन फिरवून पुन्हा तिच्यावरच उतरायचं. याला स्टंट म्हणतात. भिंगरीची आई याला हाडं मोडायचा क्लास म्हणायची.

घराच्या पुढच्या खोलीतच तिच्या बाबांचं, म्हणजे मास्तरांचं, टेलरिंगचं दुकान होतं. दार आपटलं तेव्हा ते एका जाडजूड गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही लावत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

"डेक गेला."

"कुठे गेला?"

"तुटला, बाबा! उभी राहायची फळी. मधोमध भेग पडलीय. रविवारी स्पर्धा आहे आणि आज तुटायचं होतं मेलीला!"

"एवढंच ना? दुसरा टाकू की."

"तुम्ही काही टाकू नका. मैत्रिणीची घेईन मी एक दिवस." पांढऱ्या बुटांची जोडी तरातरा आतल्या खोलीत निघून गेली.

तुम्ही काही टाकू नका! बाही उलटी लागली. मास्तरांनी ती उसवली, पुन्हा लावली, आणि पुन्हा उलटीच लागली.

या वाक्यामागे इतिहास होता. मास्तरांचा हात सोन्यासारखा, पण एक खोड जन्माची. लहान मुलाचा कपडा अंगाच्या नेमक्या मापाने शिवायला त्यांचं मन धजायचं नाही. "वाढतं अंग आहे" म्हणत ते दोन इंच इकडे, तीन इंच तिकडे सोडायचे. गल्लीतली निम्मी पोरं बाह्यांतून बोटं शोधत हिंडायची. कपडा जेव्हा अंगाला नेमका बसायचा, तेव्हा तो विटलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या नाचाला त्यांनी भिंगरीला असाच एक झगा शिवला. खाली भरपूर कापड दुमडून टाचून ठेवलं होतं, पुढच्या वर्षीही व्हावा म्हणून. भर स्टेजवर टाचण सुटली, झगा पायांत आला, आणि मास्तरांची लेक समोरच्या तबलेवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली. हॉल हसला. त्या दिवसापासून भिंगरीने बापाच्या हातचा कपडा अंगाला लावला नाही. सगळं रेडीमेड. बायको या विषयावर अलीकडे गप्प असायची, आणि मास्तरांना वाटायचं, चला, निदान ही तरी आपल्या बाजूने आहे.

तर मास्तरांनी मनाशी ठरवलं. पोरीला स्कूटर द्यायची, पण दुकानातली आयती नाही. एकेक भाग निवडून, तिच्या मापाची. तिला न सांगता; सांगितलं तर "रेडीमेडच घेऊ या" म्हणेल. आणि या वेळी, देवाशप्पथ, एक सूतही जास्त ठेवायचं नाही.

स्कूटरच्या दुकानदाराला सगळे नटबोल्ट म्हणायचे. हातात पाना असल्याशिवाय त्याला शब्द सुचायचे नाहीत. मास्तर आले तसा त्याने पाना उचलला.

"डेक केवढा हवा? पाय केवढा पोरीचा?"

हे मास्तरांना बिनचूक ठाऊक होतं. दिवसभर मशीनवर मान खाली. येणाऱ्याजाणाऱ्याचं त्यांना दिसायचं ते गुडघ्याखालचं. आख्ख्या गल्लीला ते चपलांवरून ओळखायचे. त्यांनी बुटाचा नंबर सांगितला, टाच कुठल्या बाजूने झिजते तेही सांगितलं. नटबोल्ट खूश झाला आणि त्याने एक सुरेख रुंद डेक काढून दिला. डेकवर पाय घसरू नये म्हणून खरखरीत कागद चिकटवलेला असतो. मास्तरांनी सवयीने तो कापडासारखा चिमटीत धरून चोळला आणि अंगठ्याची साल निघाली.

"पोत जरा भरड आहे," ते बोट चोखत म्हणाले.

"भरडच लागतो, मास्तर. आता चाकं."

चाकं मास्तरांनी रुंद, भरलेल्या काठाची पसंत केली, कारण ती उठून दिसत होती. तिथेच घोडं अडलं.

"ही चाकं या फोर्कमध्ये जायची नाहीत," नटबोल्ट म्हणाला. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. "चाक रुंद, फट अरुंद."

"मग फट उसव की जराशी."

"मास्तर, लोखंड आहे!"

"बरं बरं. दुसरा फोर्क दे."

दुसरा फोर्क दिला, तर त्याच्यावर क्लॅम्प बसेना. हँडल आणि फोर्क यांना आवळून धरणारा तो पट्टा. मोठा क्लॅम्प घेतला, तर आधी निवडलेलं हँडल त्यात खुळखुळायला लागलं. जाड नळीचं हँडल घ्यायचं ठरलं, तर त्याच्या मुठी आधीच्या मुठींपेक्षा वेगळ्या. मास्तर काउंटरवर कोपर टेकून ऐकत होते. असल्या भानगडी त्यांना नव्या नव्हत्या.

"म्हणजे अस्तर बदललं म्हणून कापड बदलायचं, कापड बदललं म्हणून दोरा."

"आणि दोरा बदलला म्हणून सुई," नटबोल्ट म्हणाला. दोघांचं तिथून जमलं. त्या दिवशी कोटवाला गिऱ्हाईक एकाच बाहीचा कोट घालून दुकानाच्या दारात वाट बघत बसला होता म्हणतात.

जाड नळीची दोन हँडलं होती. एक काळं, एक पोपटी. पोपटी इतकं पोपटी होतं की त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते.

"हे कोण घेतं रे?"

"कुणीच नाही. म्हणून तर आहे."

काळं ठरलं. शनिवारी दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. उरलं होतं ते एकच काम. हँडल येतं चांगलं लांबलचक, आणि चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे त्याची नळी खालून कापायची.

"डेकवर उभं राहिलं की हँडल कमरेशी यायला हवं," नटबोल्ट म्हणाला. "पोरीला आणा. उभी करू, खूण करू, कापू."

"पोरीला आणलं तर गंमत काय राहिली?"

"मग माप कुठून आणणार?"

मास्तर मिश्कील हसले आणि त्यांनी पिशवीतून घडी घातलेली निळी पँट काढून काउंटरवर पसरली. गिऱ्हाईक स्वतः येऊ शकत नसेल तर त्याचा अंगाला बसणारा कपडा पाठवायचा, हा त्यांच्या धंद्यातला जुना रिवाज. मापाचा ब्लाउज, मापाचा शर्ट, तशी ही मापाची पँट. घरी कुणी नाही असं बघून त्यांनी ती दोरीवरून काढून आणली होती.

नटबोल्टने पँटकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि पाना खाली ठेवला. "पँटवरून लोखंड कापायचं?"

"अरे, परगावच्या माणसांचे सूट मी विजारीवरून शिवलेत. माणसं अजून पाहिली नाहीत, पण सूट बसलेत." मास्तरांनी गळ्यातला टेप पँटवर लावला. कंबर जरा सैल वाटली खरी, पण हल्ली पोरी ढगळच घालतात. लांबी मात्र अगदी बरोबर वाटली. मास्तरांच्या डोळ्यांपुढे भिंगरी उभी राहिली. हो, एवढीच आहे माझी पोर.

"इंचभर जास्त ठेवू?" नटबोल्टने करवत हातात घेऊन विचारलं. "पुढे कापता येतं. पण एकदा कापलं की..."

"एक सूत नाही!" मास्तर इतक्या जोरात म्हणाले की रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "आयुष्यभर जास्त ठेवलं, आता बास. काप!"

नटबोल्टने कापलं.

संध्याकाळी मास्तरांनी स्कूटर दुकानात कापडाच्या ठाणामागे लपवली आणि भिंगरी येताच एखाद्या जादूगारासारखं वरचं फडकं ओढलं. भिंगरी थबकली. तिने डेक पाहिला, चाकं पाहिली, क्लॅम्पवर बोट फिरवलं.

"बाबा! कुणी जोडली?"

"मी निवडली. एकेक भाग."

"एकट्याने?" तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मास्तरांना दोन वर्षांचं सगळं भरून पावल्यासारखं झालं. ती पुढे झाली, डेकवर चढली आणि हँडल धरायला खाली वाकली.

चांगलीच खाली वाकली. जमिनीवर पडलेली सुई शोधावी तशी.

"छानच आहे," भिंगरी त्या अवस्थेत म्हणाली.

"सरळ उभी राहा ना."

"राहते की." ती सरळ उभी राहिली. हँडल तिच्या मांडीशी राहिलं.

मास्तर जवळ आले. लेक डेकवर उभी होती, डेकचा बोटभर उंचीचा काय तो फरक, पण तिच्याकडे बघायला त्यांना मान वर करावी लागत होती. एवढ्यात आतून बायको हात पुसत आली आणि तिचं लक्ष पिशवीतून डोकावणाऱ्या निळ्या कापडाकडे गेलं.

"अगंबाई! दुपारपासून शोधतेय. माझी पँट इथे कशी?"

"तुझी?"

बायकोने जीभ चावली. पण आता उपयोग नव्हता. "सकाळी फिरायला जाते ना मी. जरा सुटसुटीत पडतं त्यात."

"मी कधी शिवली ही?"

"तुम्ही नाही हो शिवली." मग अगदी हळू आवाजात, "सेल लागला होता."

मास्तर स्टुलावर बसले. टेलरमास्तरची बायको चोरून रेडीमेड पँट घालते! आणि त्या पँटच्या मापाने आपण लोखंड कापून आलो! आधी कशाचं वाईट वाटून घ्यावं तेच त्यांना कळेना. बायको मूळची ठेंगणी, चारचौघींत उभी राहिली की शोधावी लागायची. आणि भिंगरी डेकवरून उतरून तिच्याशेजारी उभी होती ती वीतभर उंच.

"ही कधी झाली एवढी?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, वर्ष झालं. वरच्या फळीवरचे डबे तीच काढून देते मला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? घरातच तर असते. मान वर करून बघायचंत."

वातावरण हलकं करावं म्हणून बायको डेकवर चढली. हँडल तिच्या कमरेला असं लागलं की काडी इकडची तिकडे नाही. मास्तरांच्या हातून आजवर इतकं नेमकं काहीच उतरलं नव्हतं. तिने एक पाय जमिनीला लावून जरासं ढकललं, आणि ती दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुळकन गेली.

"अय्या!" ती म्हणाली आणि परत आली.

"आई, उतर," भिंगरी म्हणाली. मग ती बापाजवळ आली. "बाबा, दोन वर्षांत माझं माप घेतलंच नाही तुम्ही."

"तू उभी राहिलीस का कधी?"

"तुम्ही बोलावलंत का कधी?"

मास्तरांना बोलायचं होतं बरंच, पण तोंडातून निघालं एवढंच, "कापड असतं तर जोड दिला असता गं."

"मग आता बसताय काय?" बायको म्हणाली. "नटबोल्टचं दुकान बंद व्हायच्या आत चला! मी पुढे होते." आणि हाडं मोडायच्या क्लासला नावं ठेवणारी ती बाई स्कूटर घेऊन दारातून बाहेर पडली.

उतार होता, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. "अहो, ही थांबते कशी?" असा तिचा आवाज गल्लीतून लांब लांब जात राहिला. भिंगरी मागे धावली, "आई, मागच्या चाकावर पाय दे! मागच्या!" भिंगरीमागे मास्तर, गळ्यात टेप, कानामागे खडू. मास्तरांमागे दारात ताटकळलेला कोटवाला, कारण बाहीचा बटणपट्टा अजून बाकी होता आणि मास्तर पळून चाललेत असा त्याचा समज झाला. नटबोल्ट शटर ओढत होता. ते अर्ध्यावर आलं असताना बायको त्याच्याखालून वाकून थेट दुकानात शिरली आणि हेल्मेटांच्या ढिगात थांबली.

"बाई, लागलं का?"

"मला नाही लागलं. हँडल आखूड झालंय, ते बघा," ती हेल्मेटांतून म्हणाली.

सगळी हकीकत कळल्यावर नटबोल्ट हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने फक्त पाना घट्ट धरला आणि बराच वेळ छताकडे पाहिलं. वेल्डिंगचं विचारायची सोय नव्हती. जोडलेलं हँडल उडीत मोडलं तर दात हातात येतील, असं त्याने आधीच सांगून टाकलं. जाड नळीचं दुसरं हँडल एकच होतं, पोपटी.

"चालेल," भिंगरी म्हणाली.

"आता आधी पोरगी उभी करा. पँटबिंट काही नको," नटबोल्टने बजावलं.

भिंगरी डेकवर उभी राहिली. लहानपणी राहायची तशीच, हात जरा बाजूला, हनुवटी वर. मास्तरांनी टेप काढला. कमरेपासून डेकपर्यंत लावला आणि आकडा वाचला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावला. एवढी माणसं मापली त्यांनी, पण घरातलं एक माणूस मापाबाहेर गेलेलं त्यांना कळलं नव्हतं. मग त्यांनी आकडा सांगितला.

नटबोल्टने नळीवर खूण केली आणि करवत लावली.

"थांबा," भिंगरी म्हणाली. "दोन इंच जास्त ठेवा."

"का?" मास्तर आणि नटबोल्ट एकदमच म्हणाले.

"वाढतं अंग आहे ना," भिंगरी म्हणाली. ती बापाकडे न बघता मुठींकडे बघत होती.

मास्तरांना एकाएकी दुकानातल्या स्क्रूंचे डबे फार बघावेसे वाटले आणि ते पाठ करून तिकडे बघत उभे राहिले. बायकोने त्यांच्या हातात आपला पदर दिला. नटबोल्टने खूण पुसून दोन इंच खाली केली.

रविवारी मैदानावर ही गर्दी. मास्तर पहिल्या रांगेत. आयुष्यात पहिल्यांदाच ते पोरीच्या बुटांकडे बघत नव्हते. पोपटी हँडल उन्हात चमकत आलं, चढण चढलं, वर उडालं. डेक पायाखालून निसटून गर्रकन फिरला आणि भिंगरी अलगद त्याच्यावर उतरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. बायको "माझी पोर, माझी पोर!" करत शेजारणीच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. मास्तरांनी मात्र टाळी अर्ध्यातच थांबवली. त्यांची नजर पोरीच्या खांद्यांवर होती. वळताना दोन्ही खांदे कानांपर्यंत जात होते आणि कोपरं आखडत होती. हँडल उंच होत होतं. दोन इंच उंच. शेवटच्या उडीला मूठ हातातून सुटली, भिंगरीने पाय टेकला आणि नंबर गेला.

ती घामाघूम होऊन आली. मास्तरांनी विचारलं, "कसं बसलं हँडल?"

"फिट्ट!"

बगलेत काचत असताना "अगदी छान झालंय हं" म्हणणारी गिऱ्हाइकं मास्तरांनी थोडी पाहिली नव्हती.

"खांदे वर जात होते तुझे."

"ती स्टाइल आहे."

"उद्या दोन इंच उतरवून आणतो. अगं, अंगाला आत्ता बसायला हवं!"

"हात लावायचा नाही!" भिंगरीने हँडलला दोन्ही हातांनी मिठी मारली. "थोडे महिने थांबा ना. वाढतेच आहे मी. पुढच्या स्पर्धेपर्यंत होईल बरोबर. तुम्ही फक्त दर रविवारी माप घ्या."

त्याप्रमाणे दर रविवारी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, भिंगरी दुकानात भिंतीला टेकून उभी राहते. किती वाढलो हे बघायची तिला कोण घाई. मास्तर चष्मा लावतात, टेप झटकतात, सावकाश लावतात. पण कापडी टेप आहे. जरा ताणून धरला की तो लांबतो आणि आकडा कमी भरतो. आणि एकदा मान वर करून बघायला लागल्यापासून पोरगी इतक्या भराभर मोठी व्हावी हे मास्तरांना बिलकूल मंजूर नाही.

"किती?"

"मागच्या रविवारएवढीच."

"बाबा, टेप ताणू नका!"

"कोण ताणतंय? टाच टेकव आधी. टाच टेकव."